गाडीच्या बुकिंग फॉर्मवर लवादाचं कलम आहे. ग्राहक आयोगात जाता येतं का?

बोरिवली_पश्चिम

नवीन पेट्रोल गाडी, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, ऑन-रोड १४ लाखांच्या आसपास, माझ्याच नावावर, घरच्या वापरासाठी. डिलिव्हरीला वर्ष झालेलं नाही. ट्रॅफिकमध्ये गाडी तापली की पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथरते, उड्डाणपुलाच्या चढावर तर झटकेच देते. सॉफ्टवेअर अपडेट झालं, एकदा क्लचही बदलला. फरक तात्पुरता पडतो. शेवटच्या जॉबकार्डवर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा आहे.

वकिलामार्फत नोटीस दिली. डीलरच्या उत्तरात दोषाबद्दल अवाक्षर नाही. फक्त एवढंच, की बुकिंग फॉर्मच्या मागच्या बाजूच्या अटींनुसार सगळे वाद डीलरच्या व्यवस्थापकीय संचालकांनी नेमलेल्या एकमेव लवादाकडे जातील, ठिकाण दिल्ली, इतर कुठल्याही न्यायालयाला किंवा मंचाला अधिकार नाही. फॉर्मवर माझी सही आहे, अटी बारीक टाइपात आहेत.

१) सही केली म्हणजे मी बांधला गेलो का?
२) शोरूम अंधेरीचं, कंपनीचं मुख्यालय परराज्यात. तक्रार मुंबईत चालेल का?
३) कर्जाच्या करारातही वेगळं लवादाचं कलम आहे. निकाल लागेपर्यंत हप्ते थांबवले तर?

फोर्टातला_वकील

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. कलम बेकायदा आहे असंही नाही, पण त्याचा उपयोग करायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं, डीलरने नव्हे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम १०० नुसार हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांना बाजूला सारून नाही. १९८६ च्या जुन्या कायद्यात हेच कलम ३ मध्ये होतं. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून एकच भूमिका ठेवली: करारात लवाद असला तरी ग्राहक मंचाचा दरवाजा बंद होत नाही. मग २०१५ मध्ये लवाद कायद्याच्या कलम ८ मध्ये (करारात लवाद असेल तर न्यायालयाने वाद तिकडे पाठवावा, असं सांगणारं कलम) दुरुस्ती झाली आणि ‘कोणत्याही न्यायालयाचा निकाल काहीही असला तरी’ अशा अर्थाचे शब्द आले. बिल्डर आणि डीलर मंडळींनी ते शब्द उचलून धरले. राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने १३ जुलै २०१७ रोजी तो मुद्दा फेटाळला आणि १० डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. हाच ‘एमार एमजीएफ’ निकाल. तक्रारीत याचा उल्लेख आधीच करून ठेवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं: ग्राहकाने आपणहून निवडला नाही तर त्याला लवादात ढकलता येत नाही.

तरीही डीलरचा वकील अर्ज देईलच. त्यात वेळ जातो, आणि बऱ्याचदा तोच हेतू असतो. कलम ८ चा अर्ज पहिला लेखी जबाब देण्याच्या वेळेपर्यंतच देता येतो, त्यानंतर नाही. अर्ज आला की त्याच तारखेला किंवा पुढच्या तारखेला दोन पानी ‘से’ (अर्जावरचं लेखी म्हणणं) द्या: कलम १००, २०१८ चा निकाल, आणि सामनेवाल्याच्या लेखी जबाबाची मुदत या अर्जामुळे थांबत नाही असा स्पष्ट आग्रह. ही मुदत ३० दिवस, वर फार तर १५. त्यापुढे आयोगाला वाढवून देता येत नाही, हे घटनापीठाने ४ मार्च २०२० ला ठरवलं आहे. नोटीस मिळाल्याची तारीख आणि जबाब आला नसल्याची नोंद रोजनाम्यात (आयोगाच्या दर तारखेच्या नोंदींत) येते आहे ना, हे त्याच दिवशी पाहा. नंतर भांडून उपयोग होत नाही.

लवादाचं कलम खरोखर गळ्यात पडतं ते पुढच्या परिस्थितीत.

गाडी धंद्यासाठी घेतली असेल तर तुम्ही ग्राहकच ठरत नाही आणि मग कलम १०० चं कवच नाही. मात्र कंपनीच्या नावावर गाडी म्हणजे आपोआप व्यापारी हेतू, असं नाही. संचालकाच्या वैयक्तिक वापराची गाडी ग्राहक कायद्यात बसते, असं २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. स्वतः टॅक्सी चालवून पोट भरणाराही ‘स्वयंरोजगार’ या अपवादात बसतो.

दुसरं, दिवाणी दावा लावलात तर. तिथे कलम ८ पूर्ण ताकदीने लागू होतं आणि दावा लवादाकडे जातो. ‘आयोगात फार वेळ लागतो’ म्हणून दिवाणीत जाणारे इथे अडकतात.

तिसरं, लवादाच्या नोटिशीला उत्तर देताना ‘आम्हाला लवाद मान्य आहे, फक्त नाव बदला’ असं लिहिलंत तर. हे वाक्य पुढे तुमच्याच विरोधात वाचून दाखवलं जातं.

एक सापळा वकिलांनाही चकवतो. लवादाची अट एकतर्फी आहे म्हणून तक्रारीत ‘हा करार अनुचित करार म्हणून रद्द ठरवावा’ अशी मागणी घालण्याचा मोह होतो. अनुचित कराराच्या तक्रारी जिल्हा आयोगाच्या अधिकारात येत नाहीत, त्या राज्य आयोगापासून सुरू होतात. ही मागणी जिल्हा आयोगात घातलीत की अधिकारक्षेत्राचा नवा वाद तुम्हीच सामनेवाल्याच्या हातात देता. तुम्हाला तिची गरजच नाही. मागणी सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटी एवढ्यावरच ठेवा.

दुसरा प्रश्न: ग्राहक कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथेही तक्रार चालते. बोरिवली म्हणजे मुंबई उपनगर, आयोग वांद्रे पूर्वेला. ‘फक्त दिल्लीचं न्यायक्षेत्र’ ही ओळ इथे चालत नाही. रकमेच्या हिशेबात गाडीसाठी मोजलेली किंमत धरतात, मागितलेली भरपाई नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. १० ते २० लाखांच्या टप्प्यात फी ४०० रुपये.

दादर_टीटी

सगळे आयोगाच्या मागे लागतात, पण तारखा पडत राहतात. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. लवाद असेल तर निदान निवाड्याला मुदत तरी आहे. तो पर्याय इतका वाईट का?

फोर्टातला_वकील

मुदत आहे, खरं. लेखी कैफियती पूर्ण झाल्यापासून १२ महिने, दोन्ही पक्ष तयार असतील तर आणखी ६. पण खर्च बघा. लवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातला नमुना दर धरला तर १४ लाखांच्या मागणीवर ४५,००० अधिक ५ लाखांवरच्या रकमेचे साडेतीन टक्के, म्हणजे ७६,५००. एकच लवाद असेल तर वर २५ टक्के, एकूण ९५,६२५. साधारण अर्धा वाटा तुमचा, आणि समोरच्याने आपला वाटा भरला नाही तर तोही तुम्हालाच भरायला सांगतात, नाहीतर काम थांबतं. वकिलाची फी आणि दिल्लीच्या खेपा वेगळ्या. आयोगात ४०० रुपये, आणि स्वतः उभं राहून बोलता येतं.

शिवाय या फॉर्ममधलं कलम जसं लिहिलंय तसं चालूच शकत नाही. डीलरच्या संचालकाने एकट्याने लवाद नेमायचा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या ‘पर्किन्स ईस्टमन’ निकालापासून अडचणीत आहे आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठानेही एकतर्फी नेमणूक समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. म्हणजे लवादात जायचं तरी आधी उच्च न्यायालयातून नेमणूक करून घ्या, आणि ठिकाण दिल्ली असल्यामुळे तेही दिल्ली उच्च न्यायालयात. वेळ वाचला कुठे?

कुर्ला_वर्कशॉप

कायद्याचं वरच्यांनी सांगितलं. पण अशा तक्रारी लवादाच्या कलमावर पडत नाहीत, जॉबकार्डावर पडतात.

तुमच्या गाडीत ड्राय क्लच असेल तर थरथरण्याचं कारण समजून घ्या, कारण डीलर त्यावरच उत्तर उभं करणार. ड्राय क्लचला गार करायला तेल नसतं. पायी चालण्याच्या वेगाने गाडी सरकत असते तेव्हा क्लच पूर्ण बसत नाही, घसरत राहतो आणि तापतो. अस्तर चकचकीत होतं, पकड एकसारखी राहत नाही, गाडी थरथरते. रात्री रस्ता मोकळा असला की सगळं ठीक वाटतं. म्हणूनच सकाळी दहाला थंड गाडीवर घेतलेल्या टेस्ट ड्राइव्हमध्ये ‘दोष आढळला नाही’ असं येतं. तो शेरा खोटा नसतो, तपासणीच चुकीच्या वेळी झालेली असते.

म्हणून आधी गाडी तापवा. एसी लावून, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये, सलग तीस-चाळीस मिनिटं. मग फोरमनला शेजारी बसवून चढावर न्या. जॉबकार्डवर ओडोमीटरचा आकडा, वेळ, रस्ता आणि लक्षण लिहून घ्या, दोघांच्या सह्या. ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात तुमचे शब्द जसेच्या तसे आले पाहिजेत. सर्व्हिस ॲडव्हायझर तिथे ‘जनरल चेकअप’ लिहून मोकळा होतो. ती नोंद दुरुस्त होईपर्यंत सही करू नका.

स्कॅनरवर एरर कोड वाचले की ते पुसण्याआधी प्रिंट मागा. कोड पुसला की त्या क्षणी नोंदलेलं तापमान, वेग, गिअर हेही जातं. ट्रान्समिशन कंट्रोलरमधलं क्लचचं तापमान आणि क्लच किती झिजलाय याचे ॲडॅप्टेशन आकडे, अपडेटच्या आधीचे आणि नंतरचे, दोन्ही घ्या. सॉफ्टवेअरची आवृत्तीही लिहून घ्या. ‘अपडेट केलं’ एवढ्या दोन शब्दांवरून पुढे काहीच सिद्ध होत नाही.

वॉरंटी पुस्तिका नीट वाचा. क्लचचं अस्तर झिजणारा भाग म्हणून बऱ्याच पुस्तिकांत वॉरंटीबाहेर असतं. ‘क्लच खराब आहे’ अशी तक्रार केलीत तर उत्तर तयारच असतं: झिजला, तुम्ही चालवता तसा. तक्रार अशी हवी: सामान्य शहरी वापरात क्लच अवेळी झिजतो, बदलल्यावरही लक्षण परत येतं, म्हणजे दोष क्लचपुरता नाही. वॉरंटीत क्लच बदलला असेल तर त्या जॉबकार्डवर पार्ट नंबर आणि ‘वॉरंटी क्लेम’ हे शब्द आहेत का ते बघा. कंपनीने स्वतःच्या खर्चाने भाग बदलला, हा तुमच्या हातातला चांगला कागद आहे.

आणि केस चालू आहे तोवर बाहेरून काही बसवू नका. सीएनजी किट नाही, ईसीयू रीमॅप (इंजिनच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलणं) नाही, वायरिंग कापून म्युझिक सिस्टिम नाही. सर्व्हिस ठरलेल्या किलोमीटरला, अधिकृत ठिकाणीच.

फोर्टातला_वकील

वर्कशॉपवाल्यांचं अगदी बरोबर. त्याला जोडून: तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली गाडी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो, अहवालाला ४५ दिवसांची मुदत आहे, फी आधी तक्रारदाराने भरायची. तसा अर्ज सुरुवातीलाच द्या आणि संस्था सुचवा, माटुंग्याच्या व्हीजेटीआयसारखी. अर्जात तपासणीच्या अटी लिहा: गाडी गरम, एसी चालू, चढ, दोन्ही पक्ष हजर. नाहीतर तिथेही थंड गाडीच तपासली जाईल.

मागण्या पर्यायी ठेवा. नवी गाडी किंवा पूर्ण पैसे परत, हे पहिलं. ते नाही तर संपूर्ण गिअरबॉक्स आणि क्लच असेंब्ली नवी, तिच्यावर नव्याने वॉरंटी, शिवाय भरपाई आणि खर्च. वॉरंटी भाग बदलून देण्यापुरती असेल तर सगळी गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा मारुतीच्या प्रकरणातला निकाल कंपन्यांचे वकील हमखास काढतात. फक्त ‘नवी गाडी द्या’ एवढंच मागितलं असेल तर त्या निकालापुढे हात रिकामे राहतात.

कर्जखाते_ठाणे

तिसऱ्या प्रश्नावर: हप्ते थांबवू नका. गाडीचा वाद डीलर आणि कंपनीशी, पैसे दिले बँकेने. बँकेच्या दृष्टीने गाडी थरथरते की पळते याचा हप्त्याशी संबंध नाही.

हप्ते थकले की पुढचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. कर्ज परत मागणारी नोटीस, मग लवाद कायद्याच्या कलम २१ ची नोटीस, आणि बरोबरीने त्याच कायद्याच्या कलम ९ खाली न्यायालयात अर्ज, रिसीव्हर (न्यायालयाच्या वतीने ताबा घेणारा) नेमून गाडी ताब्यात घेण्यासाठी. गाडी उचलून नेली की तुमचा मुख्य पुरावाच गेला. सिबिलचं नुकसान वेगळं.

हल्ली फायनान्स कंपन्यांच्या लवादाच्या नोटिसा ऑनलाइन लवाद संस्थांकडून ईमेल, एसएमएस, व्हॉट्सॲपवर येतात. लोक त्यांना फसवणुकीचे मेसेज समजून सोडून देतात आणि एकतर्फी निवाडा होतो. नोटीस आली तर लेखी हरकत घ्या: कर्ज देणाऱ्याने एकट्याने केलेली नेमणूक लवाद कायद्याच्या कलम १२(५) नुसार मान्य नाही. अधिकारक्षेत्राची हरकत बचावाच्या निवेदनापर्यंतच घेता येते, नंतर नाही. निवाडा झालाच तर लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली आव्हान द्यायला तीन महिने, वर फार तर ३० दिवस. निवाडा झाल्यावर त्याच मुद्द्यावर ग्राहक आयोगाकडे गेलात तर आयोग सहसा हात लावत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. पैसे परत मिळण्याचा आदेश झाला तरी आरसीवर हायपोथेकेशन (गाडी बँकेकडे तारण असल्याची नोंद) आहे, बँकेच्या एनओसीशिवाय गाडी परत देता येणार नाही. म्हणून मागणीतच लिहा की परताव्यातून आधी कर्जखातं बंद करावं, उरलेली रक्कम तक्रारदाराला द्यावी. काही जण यासाठी बँकेला औपचारिक पक्ष करतात, ते ठीक आहे, फक्त तिच्याविरुद्ध काही मागू नका.

पार्ले_पूर्व

अमेरिकन संकेतस्थळांवर वाचून इथे कुणी ‘सही केली म्हणजे संपलं’ म्हणत असेल तर ते सोडून द्या. तिथे १९२५ च्या संघीय लवाद कायद्याखाली अशी कलमं बहुतांशी टिकतात आणि २०११ पासून सामूहिक दावे बंद करणारी अटही चालते. गंमत म्हणजे, तिथल्या मोटार डीलरांनी कंपन्यांशी स्वतःच्या वादांत लवादाची सक्ती नको म्हणून २००२ मध्ये वेगळा कायदा करून घेतला. गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर मात्र कलम तसंच.

बोरिवली_पश्चिम

सगळ्यांचे आभार. आता दोन गोष्टी. डीलर आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करायचं का? आणि डीलरने फोनवर सांगितलंय की दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी फुकट देतो, ‘सर्व तक्रारींचं समाधान झालं’ या पत्रावर सही करा.

फोर्टातला_वकील

दोघांनाही करा, पण प्रत्येकाविरुद्ध काय म्हणणं आहे ते वेगळ्या परिच्छेदांत लिहा. विक्री, डिलिव्हरी, दुरुस्ती डीलरची, निर्मितीतला दोष आणि वॉरंटी कंपनीची. कंपनी म्हणेल, डीलर आमचा एजंट नाही, आमच्यात मालाच्या खरेदी-विक्रीचं नातं आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सच्या गोव्यातल्या प्रकरणात हे मान्य केलं होतं: डीलरने जुन्या वर्षाची गाडी विकली, कंपनीला त्याची माहिती होती असा पुरावा नव्हता, म्हणून कंपनी सुटली. तुमचा मामला निर्मितीदोषाचा आहे, त्यामुळे कंपनी इतकी सहज सुटत नाही. पण तक्रारीत सरसकट ‘सामनेवाले’ लिहून दोघांना एका दोरीत बांधलंत तर हा फरक तुमच्या विरोधात जातो.

त्या पत्रावर सही करू नका. ‘समाधान झालं’ असं लेखी दिल्यावर तक्रारीत उरतं काय? वॉरंटी घ्यायचीच असेल तर पत्र तुम्ही लिहा: वाढीव वॉरंटी हक्क राखून स्वीकारत आहे, गिअरबॉक्सची तक्रार कायम. हे ईमेलने पाठवा. डीलरला मान्य नसेल तर देऊ केलेली वॉरंटी कशासाठी होती ते आपोआप नोंदलं जातं.

दाखल करण्याचं: तक्रार ई-जागृती पोर्टलवर. २०२५ च्या जानेवारीत ते सुरू झालं, त्याआधी ई-दाखिल होतं. तक्रार, शपथपत्र, टॅक्स इनव्हॉइस, बुकिंग फॉर्म, वॉरंटी पुस्तिकेची संबंधित पानं, सगळी जॉबकार्डं तारखेच्या क्रमाने, नोटीस आणि पोहोच. बुकिंग फॉर्मची मागची बाजू लपवू नका, लवादाचं कलम तुम्हीच दाखवा आणि त्यावरचं उत्तर तिथेच द्या. व्हॉट्सॲप चॅट आणि व्हिडिओ लावत असाल तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हवं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) भरावी लागते, म्हणून मूळ फाइल फोनमधून उडवू नका. छापील संचही तयार ठेवा: आयोगासाठी, प्रत्येक सामनेवाल्यासाठी आणि एक स्वतःसाठी.

मुदत दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून. डीलरशी चाललेल्या पत्रव्यवहाराने ती वाढत नाही. पहिलं जॉबकार्ड ज्या तारखेचं आहे तिथून मोजा.

मालाड_मार्वे

जुन्या गाड्या विकणाऱ्या ॲपवरून घेतली असेल तर? तिथे अटींवर टिक केल्याशिवाय पुढेच जाता येत नाही.

फोर्टातला_वकील

विकणारी कंपनी असेल तर टिक आणि सही यात फरक नाही, वरचंच सगळं लागू. ‘आम्ही फक्त बाजारपेठ आहोत, विक्रेता वेगळा’ असं उत्तर येईल, म्हणून इनव्हॉइस कुणाच्या नावाने आहे आणि तपासणी अहवाल कुणी दिला ते आधी बघा. गाडी शेजाऱ्याकडून थेट घेतली असेल तर मात्र तो व्यापारी नाही, ग्राहक आयोगाचा प्रश्न येत नाही, आणि विक्रीच्या कागदावर लवाद लिहिला असेल तर तो दोघांनाही बांधतो.